मागच्या लाईनीची शिट्टी

आमच्या कॉलनीत कोण कुठल्या टीमचा हे टीव्हीनं ठरवलं. गंमत नाही करत, खरंच. कॉलनीत घरांच्या दोन लाईनी, मध्ये मोकळं ग्राऊंड, ग्राऊंडच्या टोकाला बुद्धविहार. रस्त्याकडची ती पुढची लाईन, नाल्याकडची ती मागची. माझे आबा, म्हणजे पप्पांचे वडील, देवळालीच्या छावणीत माळीकाम करायचे. तिथून त्यांनी एकदा शिवण उसवलेला एक फुटबॉल आणला आणि तेव्हापासून सगळं नाशिक क्रिकेट खेळत असताना आमच्याकडची पोरं फुटबॉलला लाथा घालायला लागली. मग टीव्ही आले. पुढच्या लाईनीत आबांनी हप्त्यावर कलर टीव्ही घेतला, आणि वर्ल्डकपमध्ये त्या टीव्हीत पिवळंधमक काहीतरी असं सुसाट पळायला लागलं की अख्खी लाईन एका रात्रीत ब्राझीलची झाली. मागच्या लाईनीत होता ब्लॅक अँड व्हाईट. त्यात सगळ्या टीमा सारख्याच राखाडी. ओळखू यायची एकच, पट्टेवाली. म्हणून मागची लाईन अर्जेंटिनाची. आबांनी मला हे सांगितलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. एवढे फटाके, एवढी रडारड, एकमेकांच्या दारावर रंगवलेले झेंडे, आणि मुळात काय, तर कोणाच्या घरात कुठला डबा होता.

आणि आमच्यात एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळायचे. पोरगी लग्न होऊन लाईन बदलून गेली की तिची टीमसुद्धा बदलायची. माझी आई मागच्या लाईनीची, पप्पा पुढच्या. लग्न विहारातच झालं. आपल्याकडे नवरी पांढऱ्या साडीत असते, आणि आईच्या साडीला होता निळा काठ. तर माझा दीपकमामा, आईचा धाकटा भाऊ, मांडवात सगळ्यांना दाखवत फिरला म्हणे, "बघून घ्या, सासरी जातानापण आमच्याच जर्सीत चालली." पुढच्या लाईनीवाले पण काही कमी नव्हते. आई घराच्या उंबऱ्याशी आली तेव्हा पगारेकाकांनी, म्हणजे आमचे शेजारी, कॉलनीतले सगळे नियम ज्यांना पाठ ते, तिच्या डोक्यावर पिवळी ओढणी टाकली आणि म्हणाले, "आता ये आत." सगळे हसले. आई पण हसली असणार. लग्नाच्या अल्बममध्ये तो फोटो आहे, पांढरी साडी, पिवळी ओढणी, आणि आई खाली बघतेय.

तेव्हापासून आई ब्राझीलची. लहानपणापासून मॅचच्या वेळची आई मला आठवते ती किचनच्या दारात, हातात पळी नाहीतर लाटणं, अर्धी आत अर्धी बाहेर. ब्राझीलनं गोल मारला की पप्पा सोफ्यावरून उडायचे, पगारेकाका पप्पांच्या पाठीत धपाटे घालायचे, मी गल्लीत पळत सुटायचे. आणि आई टाळ्या वाजवायची. शाळेत पाहुण्यांचं भाषण संपल्यावर वाजवतात ना, तशा. मला वाटायचं, आईला फुटबॉलमधलं काही कळत नाही. वाटायचं काय, खात्रीच होती.

आता हाराची गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आबा गेले त्याच वर्षी, काही महिन्यांनी, तिकडे दक्षिण अमेरिकेत एक फायनल झाली, ब्राझील विरुद्ध अर्जेंटिना. आपल्याकडे पहाटे होती. ब्राझील हरलं. आणि मॅच संपून जेमतेम दहा मिनिटं झाली असतील तर दारात दीपकमामा उभा, हातात झेंडूचा हार, मागे त्याच्या लाईनीतली पाच-सहा जणं. मामा सरळ आत आला, गंभीर चेहरा केला, आमच्या टीव्हीला हार घातला आणि हात जोडले. म्हणजे ब्राझील वारलं. अशी मस्करी आमच्याकडे चालायचीच, पप्पांनी स्वतः एकदा मामाच्या टीव्हीसमोर मेणबत्ती लावली होती. पण या वेळी टीव्हीच्या शेजारीच आबांचा फोटो होता. ज्या आबांनी हा खेळ कॉलनीत आणला ते. आणि कोरोनाच्या त्या दिवसांत आबांच्या अंत्ययात्रेला चार माणसं पण धड जमली नव्हती, हार सुद्धा मिळाला नव्हता, सगळी दुकानं बंद. मामाच्या हे डोक्यातच आलं नाही. पप्पांनी काही आरडाओरडा केला नाही. हार काढला, मामाच्या हातात दिला आणि म्हणाले, "जा." बस एवढंच. मामाचं तोंड उतरलेलं मला अजून दिसतं.

त्या दिवसापासून पप्पा आणि मामा बोलायचे बंद. आणि आई माहेरी जायची बंद. कोणी जाऊ नको म्हटलं नाही, तिनं जाते म्हटलं नाही. माहेर आमच्या गच्चीवरून दिसायचं. मामानं दाराला नवीन रंग दिला ते आईनं गच्चीवर कपडे वाळत घालताना पाहिलं. जयंतीच्या मिरवणुकीत पप्पा पुढे, मामा मागे ढोलापाशी, आणि आई मधल्या बायकांत, कधी पुढे बघायची कधी मागे. तेव्हा मला हे सगळं बोअर वाटायचं, मोठ्या माणसांची नाटकं. आता घरापासून लांब, हॉस्टेलच्या कॉटवर बसून हे टाईप करताना वाटतं, गच्चीवरून स्वतःचं घर बघायचं आणि खाली उतरून वरण-भात लावायचा, हे तिनं कसं केलं असेल.

मग वर्ल्डकप आला. मी दहावीत, अभ्यासाच्या नावानं बोंब. कॉलनीत दोन्ही टोकांना बांबू उभे राहिले, एकावर ब्राझील, एकावर अर्जेंटिना. संध्याकाळी थंडी पडायला लागायची, कोणाच्या तरी दारात शेकोटी, कोणाच्या घरात मिसळीचा कट उकळतोय, आणि एकाच वेळी सगळ्या घरांतून कॉमेंट्री. पण एकाच वेळी नाही ना, तीच तर मजा. मागच्या लाईनीचं केबल आमच्यापेक्षा किंचित पुढे होतं. म्हणजे आमच्या टीव्हीत माणूस अजून बॉल घेऊन पळतोय आणि तिकडून ओरडा आलेला असायचा. पप्पा वैतागायचे, "यांना भविष्य कळतं."

आणि ब्राझील हरलं. क्रोएशियाकडून, पेनल्टीवर. आमच्या लाईनीत असली शांतता मी कधी ऐकली नव्हती. कोणी टीव्ही बंद पण करेना. पप्पा उठले, बाहेर गेले, बांबूवरून झेंडा उतरवला आणि घोंगडी घडी करतात तशी त्याची नीट घडी केली. नियम होता तसा, टीम गेली की झेंडा त्याच दिवशी खाली. पगारेकाका पायरीवर डोकं धरून बसलेले.

"आता कोण, विलास?"

"अर्जेंटिना सोडून कोणीपण," पप्पा म्हणाले.

"पुढं त्यांची मॅच कोणाशी पडेल?"

"क्रोएशियाशी पडेल बहुतेक."

"ज्यांनी आपल्याला रडवलं त्यांनाच सपोर्ट?"

"तेच तर. आपल्याला रडवलं तर त्यांना पण रडवतील."

झालं. दुसऱ्या दिवशी पगारेकाकूंच्या डायनिंग टेबलवरचा लालपांढऱ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ बांबूवर. काकू तीन दिवस काकांशी बोलल्या नाहीत. ज्या पोरांनी आदल्या दिवशी क्रोएशियाला शिव्या घातल्या होत्या ती गालावर चौकडे काढून फिरत होती. मी पण. मला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट भारी वाटत होतं. एका रात्रीत माणसं इतक्या मनापासून दुसऱ्याची होऊ शकतात, आणि खोटं खोटं नाही, अगदी घसा बसेपर्यंत.

क्रोएशियाही अर्जेंटिनाकडून हरलं. सकाळी मागच्या लाईनीत ढोल वाजत होता आणि मी दात घासत किचनमध्ये आले तर आई भाकरी थापत होती. मी तिथंच उभी राहिले, ब्रश तोंडात तसाच. बाहेर ढोल, धड धड धडाड, धड धड धडाड. आणि परातीत आईचा हात, थप थप थपाक, थप थप थपाक. एकही ठोका चुकत नव्हता. तिकडे ढोलवाल्यानं मध्येच चाल बदलली, आणि आईचा हात पण बदलला. त्याच क्षणी बदलला, म्हणजे तिला ती चाल येत होती, पुढे काय येणार ते माहीत होतं. भाकरी अशी गोल फिरत होती की काय सांगू.

मी विचारलं, "आई, तू खरं कोणाची आहेस गं?"

तिचा हात थांबला. "तव्यावरची भाकरी उलट," म्हणाली.

दोन दिवसांत पुढची लाईन फ्रान्सची झाली. निळं कापड आमच्याकडे ढिगानं, पांढरी चादर मिळाली, लाल एका जुन्या परकराचं काढलं. पगारेकाका एकदम जोशात. "फ्रान्स म्हणजे आपलीच माणसं रे. समता, बंधुता कोणाची? फ्रान्सची." पप्पा शाळेत इतिहास शिकवतात, त्यांना राहवेना. "काका, आपण ते बुद्धाकडून घेतलंय, फ्रान्सकडून नाही." "असू दे की. बुद्ध पण काय अर्जेंटिनाचा नव्हता."

फायनल रविवारी होती. मागच्या लाईनीनं प्रोजेक्टर भाड्यानं आणला, विहाराच्या कंपाऊंडला पांढरं कापड बांधलं आणि निरोप पाठवला की कोणीपण या. पुढच्या लाईनीचं ठरलं, जायचं नाही, घरोघरी बघायचं. आमच्याकडे दुपारी मटण होतं. पप्पा भाकरी कुस्करत होते आणि आई रश्शाचं भांडं घेऊन उभी होती.

"अहो, आज मी मॅच तिकडे बघणार आहे."

"तिकडे म्हणजे?"

"माहेरी."

पप्पा कुस्करायचे थांबले नाहीत. "फ्रान्सवाल्यांना बसू देतील का तिथं?"

"मी फ्रान्सची नाही."

"मग?"

आईनं त्यांच्या ताटात रस्सा वाढला. अगदी हळू, न सांडता. "तुमच्या महिनाभरात तीन टीमा झाल्या. माझी आयुष्यात एकदाच बदलली. तेव्हा पण मला कोणी विचारलं नव्हतं."

मी आयुष्यात आईला एवढं मोठं वाक्य पप्पांना बोलताना ऐकलं नव्हतं. पप्पांनी वर बघितलं, मग आबांच्या फोटोकडे, मग परत ताटात. जा म्हटलं नाही, नको पण म्हटलं नाही. जेवण झाल्यावर हॉलमध्ये जाऊन टीव्ही लावून बसले. मॅचला अजून कितीतरी वेळ होता, टीव्हीत साबणाची जाहिरात चालली होती.

आईनं मोठं पातेलं काढलं, जे फक्त पाहुणे आले की निघायचं, आणि त्यात शेंगा उकडायला टाकल्या. मीठ, पाणी, शेंगा, झाकण. घरभर तो ओल्या मातीचा खारट वास. आम्ही तीन माणसं आणि शेंगा लग्नाला पुरतील एवढ्या. मला नंतर कळलं की मागच्या लाईनीत मॅचला उकडलेल्या शेंगाच असतात, भेळभत्ता पुढच्या लाईनीचा. इतकी वर्षं ती आम्हाला भेळभत्ताच करून देत होती.

अंधार पडल्यावर आम्ही निघालो. पातेल्याचा एक कान तिच्या हातात, एक माझ्या. पगारेकाका दारात होते, पुढची लाईन दारादारात होती, आणि सगळे बघत होते. फक्त पगारेकाकू हळूच म्हणाल्या, "सुजाता, स्वेटर घेतलास का?" ग्राऊंड ओलांडायला असा कितीसा वेळ लागतो, पण मला ते तेव्हा मैदान नाही, नदीच वाटलं होतं. समोर प्रोजेक्टरचा उजेड, कापडावर हलणारं हिरवं, आणि त्या उजेडात माणसंच माणसं, निळीपांढरी.

मामा प्रोजेक्टरखाली विटा सरकवत होता. त्यानं मान वर केली. आईला बघितलं, पातेलं बघितलं. हातातली वीट त्याच्या हातातच राहिली.

"शेंगा?" म्हणाला.

"नाही, दगड उकडून आणलेत."

"मीठ लय टाकलं असशील. नेहमीसारखं."

"तुझ्या जिभेला चव असती तर तुला कळलं असतं."

मामानं वीट ठेवली, हात पॅन्टला पुसले, आणि पहिल्या रांगेतली खुर्ची ओढून आईसाठी ठेवली. त्याचे डोळे भरले होते की प्रोजेक्टरची लाईट होती, मला कळलं नाही.

मॅच कशी झाली ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच असेल, पण ती आमच्या ग्राऊंडवर कशी झाली ते सांगते. अर्जेंटिनाचा पहिला गोल झाला आणि सगळं ग्राऊंड उठलं. ढोल, ताशा, कोणाचं तरी ताट. आणि त्या सगळ्याच्या वरून एक आवाज गेला. शिट्टी. पण शिट्टी म्हणजे पोलिसाची असते तशी नाही, कुकरची नाही. अशी धारदार, लांब, शेवटी वर उचललेली, की विहारावरची कबुतरं उडाली आणि नाल्याकडची कुत्री उभी राहिली. मी वळून बघितलं. माझी आई. दोन बोटं तोंडात, डोळे मिटलेले, पदर कमरेला खोचलेला. मी सोळा वर्षं या बाईच्या हातचं जेवत होते आणि हिच्यात हा आवाज होता हे मला माहीत नव्हतं. आजूबाजूच्या बायका हसत होत्या, एकजण म्हणाली, "आली गं बाई, सुजीची शिट्टी आली." म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्या मागच्या लाईनीला माहीत होतं. मामानं पण दोन बोटं तोंडात घातली आणि उत्तर दिलं, तसंच, शेवटी वर उचललेलं.

दुसरा गोल, परत शिट्टी. मग बराच वेळ सगळे शेंगा खात निवांत. आणि मग शेवटाला फ्रान्सनं एक मारला, आणि सावरायच्या आत दुसरा. समोरून, पुढच्या लाईनीतून, असा काही आरडाओरडा आला की आमच्या कापडाला वारा लागल्यासारखं झालं. आई खुर्चीत मागे टेकली. तिनं माझा हात धरला होता, तिची बोटं शेंगांनी खारट आणि ओली.

एक्स्ट्रा टाईममध्ये मी मागे बघितलं तर नळाच्या कट्ट्यापाशी पप्पा उभे. हाताची घडी, मफलर, एकटेच. मी उठून त्यांच्याकडे पळाले.

"पप्पा, आपला टीव्ही बंद पडला का?"

"नाही."

"मग?"

ते स्क्रीनकडे बघत नव्हते, आईच्या पाठीकडे बघत होते. "ही शिट्टी मी लग्नाआधी ऐकायचो," ते म्हणाले. "आम्ही या ग्राऊंडवर खेळायचो ना, दोन्ही लाईनींची मॅच. मी बॉल घेऊन पळायला लागलो की वाजायची. आमच्या विरुद्ध. हमखास बॉल सुटायचा माझा." "मला वाटलं होतं विसरली असेल. मी पण कधी विचारलं नाही."

मग अर्जेंटिनाचा तिसरा, मग फ्रान्सचा तिसरा. शेवटच्या सेकंदाला फ्रान्सचा एक जण गोलकीपरच्या समोर एकटा आला आणि अख्ख्या ग्राऊंडनं श्वास धरला, पुढच्या आणि मागच्या दोन्ही लाईनींनी, मला शपथ तो श्वास ऐकू आला. गोलकीपरनं पाय लांब केला. बॉल पायाला लागून बाहेर. पुढच्या लाईनीतली माणसं एकेक करून घरातून बाहेर येत होती, घरात बसवत नव्हतं कोणाला. पगारेकाका फ्रान्सचा झेंडा खांद्यावर टाकून आले आणि पेनल्टी सुरू होईपर्यंत शेंगा सोलत बसले. पेनल्टीला आई उभी होती. ती शिट्टी वाजवत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती उभी, आणि तिचा चेहरा असा होता की मी स्क्रीन सोडून तिच्याकडेच बघत होते. लग्नाच्या अल्बममधल्या पोरीनं वर बघितलं असतं तर ती अशी दिसली असती.

शेवटची पेनल्टी आत गेली. पुढचं मला सलग आठवत नाही. ढोल, धूर, कोणीतरी मला उचललं, मामा आईला मिठी मारून लहान मुलासारखा रडत होता. आणि मग पोरांनी मामाच्या हातात झेंडूचा हार आणून दिला. स्क्रीनला घालायला आणला होता बिचाऱ्यांनी. मामानं हार घेतला, वळला, आणि समोर पप्पा.

ढोलवाला थांबला. कोणी सांगितलं नाही, तो आपोआप थांबला. मामा हार हातात धरून उभा, जसा त्या सकाळी दारात उभा होता तसाच. आईनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं की दुखलं.

पप्पांनी हाराकडे बघितलं. "टीव्हीला घालायचाय?" म्हणाले.

मामानं हार पाठीमागे नेला.

"आमचा टीव्ही तिथंच आहे अजून," पप्पा म्हणाले. "चल."

"विलासभाऊजी, तेव्हा मी..."

"चल रे. हार सुकेल."

आम्ही ग्राऊंड ओलांडून घरी आलो, पप्पा, मामा, आई, मी आणि पातेलं. मागे अर्धी कॉलनी. मामानं दारात चपला काढल्या. हॉलमध्ये टीव्ही चालूच होता, त्यात अर्जेंटिनाची माणसं रडत हसत उड्या मारत होती. मामा टीव्हीसमोर गेला, थांबला, आणि एक पाऊल बाजूला सरकला. हार आबांच्या फोटोला घातला. झेंडू नीट केला, एक फूल उलटं झालं होतं ते सरळ केलं. हात जोडले, आणि या वेळी चेहरा गंभीर करावा लागला नाही.

मग पप्पा सोफ्यावर बसले, मफलर सोडला आणि आईला म्हणाले, "शेंगा उरल्यात का?"

"तळाला आहेत थोड्या."

मामा म्हणाला, "खाऊ नका भाऊजी, मीठ लय झालंय."

पप्पांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, चावले. आईकडे बघितलं, मामाकडे बघितलं.

"बरोबर आहे याचं," म्हणाले. "खारट झाल्यात."

आई हसायला लागली. कमरेवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, भिंतीला टेकून हसली. "झालात एक," म्हणाली, "दोघं माझ्या विरुद्ध," आणि पातेलं उचलून तिनं दोघांच्या मध्ये ठेवलं.